हौस जुन्या मोटारींची : थोडे बदला, खूप जपा

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायला पैसा तर लागतोच, पण त्याहून जास्त लागतो धीर. आणि सर्वात अवघड असते ते हात कुठे आवरायचा हे ठरवणे!

अमेरिकेतल्या एखाद्या शेतावरचे जुने कोठार. गवताच्या भाऱ्यांमागे धुळीने माखलेली ताडपत्री. ती बाजूला सारली की दिसते आजोबांच्या काळातली फोर्ड. टायर जमिनीला चिकटलेले, गादीत उंदरांनी घर केलेले, टपाचे कापड चिंध्या होऊन लोंबणारे. घरातले म्हणतात, ‘‘भंगारवाल्याला देऊन टाका.’’ पण एखादा मुलगा किंवा नात हट्टाने म्हणते, ‘‘थांबा, ही चालेल.’’ जुन्या मोटारींच्या छंदात असे कितीतरी संसार याच एका वाक्याने सुरू झाले आहेत.

घरच्या घरी दुरुस्त होणारी गाडी

नव्या हौशी माणसाला पहिली गाडी म्हणून अनेकदा सुचवली जाते ती फोर्डची मॉडेल टी. ही गाडी १९०८ मध्ये बाजारात आली आणि १९२७ पर्यंत बनत राहिली. एवढ्या काळात दीड कोटीहून जास्त गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. सुरुवातीला तिची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ मध्ये हेन्री फोर्डच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली आणि खर्च झपाट्याने उतरला. १९२५ मध्ये तिचा सर्वात स्वस्त नमुना २६० डॉलरला मिळत असे.

ही गाडी शेतकऱ्यासाठी होती. गॅरेज मैलोन्‌मैल दूर, म्हणून ती पाने, हातोडी आणि थोडी अक्कल एवढ्यावर दुरुस्त व्हावी अशीच तिची रचना होती. शंभर वर्षांनंतरही ती जिवंत आहे याचे खरे रहस्य हेच. तिच्यात संगणक नाही, पाण्याचा किंवा पेट्रोलचा पंपही नाही.

आज ही गाडी चालवायला बसणाऱ्याची मात्र गंमत होते. पायाशी तीन पेडल असतात, पण त्यात अॅक्सिलरेटर नाही! तो स्टिअरिंगखालच्या दांडीवर, हाताने चालवायचा. डावे पेडल गिअरचे, मधले गाडी मागे नेण्याचे आणि उजवे ब्रेकचे. पेट्रोल टाकीतून केवळ उतारानेच इंजिनात येते. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना खडा चढ आला, तर लोक गाडी वळवून उलटी चढवत. समोर हँडल मारून ती सुरू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा लागतो, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडू शकते.

आधी फोटो, मग पाना

जुन्या गाडीवर काम सुरू करणाऱ्याची पहिली चूक म्हणजे घाई. उत्साहाच्या भरात सगळी गाडी दोन दिवसांत सुटी होते आणि पुढे दोन वर्षे ती तशीच डब्यांमध्ये पडून राहते. म्हणून अनुभवी लोक सांगतात, आधी प्रत्येक बाजूने फोटो काढा. एकेक भाग काढाल तसा त्याचे बोल्ट वेगळ्या डबीत ठेवा आणि वर चिठ्ठी लावा. गंजलेल्या बोल्टवर जोर करू नका. तेल सोडून रात्रभर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. बोल्ट तुटला तर दहा मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते.

मॉडेल टीच्या मालकाचे नशीब चांगले, कारण गाड्या एवढ्या बनल्या की तिचे बरेचसे सुटे भाग आजही नव्याने तयार होतात. दुर्मीळ गाड्यांच्या मालकांना मात्र वणवण करावी लागते. त्यांची पंढरी म्हणजे पेनसिल्व्हेनियातले हर्शी हे गाव. जुन्या मोटारींच्या हौशी लोकांचा अमेरिकन क्लब १९३५ मध्ये स्थापन झाला. १९५५ पासून हर्शीला त्याचा शरद ऋतूतला मेळावा भरू लागला. तिथल्या बाजारात एखादा गृहस्थ दिवसभर फिरतो ते फक्त एका दिव्याच्या काचेसाठी!

पैशाने न मिळणारी गोष्ट

सगळेच बाजारात मिळत नाही. मॉडेल टीच्या इंजिनात आजच्यासारखी तयार बेअरिंग नसत. बॅबिट नावाचा कथिलमिश्रित मऊ धातू वितळवून जागच्या जागी ओतायचा आणि मग माप धरून तासायचा. हे काम करणारे हात कमी होत चालले आहेत. लाकडी आऱ्यांची चाके पक्की बसवणारा, पत्रा हातोडीने ठोकून गोलाई आणणारा कारागीरही सहज सापडत नाही. म्हणूनच आजोबांच्या शेजारी बसून नातू स्पार्क जुळवायला शिकतो, तेव्हा केवळ गाडीच नव्हे तर एक विद्याही वाचते.

चकचकीत की खरी?

खरा पेच पुढे येतो. गाडी किती नवी करायची? कित्येकजण तिला आरशासारखा रंग देतात, मूळच्यापेक्षा भारी कातडे बसवतात, जिकडेतिकडे क्रोम चढवतात. पण मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत होती. त्या काळातली गाडी लालभडक करून मिरवली, तर ती सुंदर दिसेल, पण खरी राहणार नाही.

पूर्वी प्रदर्शनांत चकाकीचेच कौतुक जास्त होई. पुढे लोकांच्या लक्षात आले की गाडी पुन्हा पुन्हा रंगवता येते, पण तिचा मूळ रंग एकदाच असतो. कारागिराच्या हाताच्या खुणा, गादीचा मूळ कपडा, मालकाच्या हाताने झिजलेले स्टिअरिंग, हे एकदा खरवडून टाकले की परत येत नाही. अमेरिकेत आता मूळ स्थितीत जपलेल्या गाड्यांना वेगळा मान दिला जातो. जाणती माणसे म्हणतात, ब्रेक, टायर, वायरिंग यांत तडजोड नको, पण बाकी जे टिकले आहे त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करा.

मुंबईशी जुने नाते

या गाड्यांचे आपल्याशीही नाते आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरोले गाड्यांची जोडणी सुरू केली होती. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ तयार होऊ लागल्या. अशी एखादी गाडी आजही एखाद्या वाड्यात उभी असेल. पण तिचे स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे अमेरिकन कॅटलॉगमधले स्टिअरिंगचे भाग तिला बसतीलच असे नाही.

अशी गाडी असेल तर २०२१ चे केंद्र सरकारचे नियम माहीत असावेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही.

चालेल ती टिकेल

गाडी तयार झाली की काम संपले असे नाही. उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. महिन्यातून एकदा तरी तिला इंजिन पुरते गरम होईपर्यंत फिरवून आणा. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खराब करू शकते, तेव्हा नळ्या तपासत राहा आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. पावसाळ्यात प्लॅस्टिकने गच्च झाकू नका, आत ओल धरते. सुती कापड बरे.

घरात मुले असतील तर आणखी काळजी हवी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, भक्कम टेकू द्यावेत. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. ती धूळ फुंकून उडवू नका.

आणि एवढे सगळे करून मिळते काय? रविवारची सकाळ, हँडलचा एक झटका, डॅशबोर्डवरच्या लाकडी पेटीतल्या चार कॉइलची गुणगुण आणि मग इंजिनाची धडधड. सर्वांना वाटले होते की ही आता भंगारात जाणार. ती अंगणातून बाहेर पडते, तेव्हा मागच्या सीटवर बसण्यासाठी आधी नाक मुरडणारेच सर्वात पुढे असतात!