विश्लेषण : घरात सहा हेडफोन, पण ‘नंबर वन’ कोणता? क्रमवारी लावायची तरी कशी?

नवा हेडफोन आला म्हणून जुना कोणी फेकून देत नाही, तो ड्रॉवरमध्ये जातो. एक फोनसोबत आलेला, एक सेलमध्ये घेतलेला, एक ऑफिससाठी, एक प्रवासासाठी, असे करत अनेक घरांत चार-पाच हेडफोन जमा झालेले असतात. यातला सर्वांत चांगला कोणता, आणि आणखी एक घेण्याची खरेच गरज आहे का? माझ्या संग्रहातील सहा हेडफोनची क्रमवारी लावण्यासाठी वापरलेली पद्धत, त्यामागचे विज्ञान आणि हाती आलेला निकाल यांचा हा आढावा.

स्पर्धेत कोण कोण?

सहाही हेडफोन वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. सेनहायझर एचडी ६५० हा २००३ मध्ये आलेला ‘ओपन बॅक’ हेडफोन. त्याच्या कपांना बाहेरून जाळी असते, त्यामुळे आवाज मोकळा वाटतो. मात्र तुमचे गाणे शेजाऱ्याला ऐकू येते आणि शेजाऱ्याचे बोलणे तुम्हाला. सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा स्टुडिओतील बंद कपांचा हेडफोन, निळी पट्टी आणि गुंडाळीदार वायर ही त्याची ओळख. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स (२०१४) हाही बंद कपांचा, पण त्याची वायर काढता येते. कॉस पोर्टा प्रो हा १९८४ चा, स्पंजच्या छोट्या गाद्यांचा, कानावर नुसता टेकणारा. मूनड्रॉप चू (२०२२) हा कानात घालायचा वायरचा इअरफोन, सहांत सर्वांत स्वस्त. आणि शेवटचा सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ (२०२०) हा ब्लूटूथचा, बाहेरचा आवाज कमी करणारा.

यातील तीन डिझाइन वीस वर्षांहून जुनी आहेत. वीस वर्षांपूर्वीचा फोन आज शोपीस ठरेल, पण त्या काळातला चांगला हेडफोन आजही चांगलाच वाजतो. चुंबक, तांब्याची गुंडाळी आणि पातळ पडदा ही मूळ रचना तीच आहे.

महाग तोच चांगला, हे खरे का?

ध्वनिसंशोधक येरोएन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्जापासून टिपेपर्यंतच्या कंप्रता हेडफोन किती प्रमाणात वाजवतो, याला ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’ म्हणतात. हा रिस्पॉन्स आणि विक्रीची किंमत यांच्यात या अभ्यासाला काही संबंध आढळला नाही. म्हणजे जास्त पैसे मोजले की बांधणी, आराम किंवा सुविधा मिळू शकतात, पण आवाजाचा तोल हमखास चांगला मिळेल असे नाही. माझ्या संग्रहातील चू आणि एचडी ६५० यांच्या किमतीत दहा पटींहून अधिक अंतर आहे. कानाला जाणवणारा फरक त्या प्रमाणात नक्कीच नाही.

दुसरी अडचण आपल्या डोळ्यांची आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये लाउडस्पीकरवर एक चाचणी केली. तेच स्पीकर ऐकणाऱ्यांना एकदा दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून वाजवले, तेव्हा लोकांनी दिलेले गुण बदलले. हेडफोनच्या बाबतीत तर पडदाही लावता येत नाही. डोक्यावर काय चढवले आहे हे वजन आणि गाद्यांवरूनच कळते. त्यामुळे घरच्या तुलनेत पूर्ण निष्पक्षपणा शक्य नाही. एका बैठकीत निकाल लावण्याऐवजी दोन-तीन आठवडे आलटून पालटून ऐकावे, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय.

तुलना करताना पहिली अट कोणती?

आवाजाची पातळी सारखी हवी. दोन हेडफोनपैकी जो किंचित मोठा वाजतो, तो आपल्याला ‘जास्त क्लिअर’ वाटतो. दुकानातील तुलना फसते ती इथेच.

फोनवरचा व्हॉल्यूम तोच ठेवला म्हणजे पातळी सारखी झाली, असेही नाही. कंपन्यांनी दिलेल्या आकड्यांवरून साधा हिशेब करता येतो. एचडी ६५० चा रोध ३०० ओहम आहे. त्याला १ व्होल्ट मिळाला की तो १०३ डेसिबल वाजतो. एम५०एक्सचा रोध ३८ ओहम आहे आणि तो १ मिलिवॉटला ९९ डेसिबल देतो. हाच आकडा १ व्होल्टसाठी काढला तर सुमारे ११३ डेसिबल येतो. म्हणजे त्याच फोनवर, त्याच व्हॉल्यूमला दोघांत १० डेसिबलचा फरक. कानाला हा फरक साधारण दुप्पट मोठा जाणवतो.

घरच्या घरी उपाय सोपा आहे. जाड पुठ्ठ्याला छोटे भोक पाडा, त्यावर हेडफोनचा कप टेकवा आणि मागून फोनचा माइक भोकाला लावा. साउंड मीटरचे कोणतेही मोफत ॲप सुरू करा आणि पिंक नॉइज, म्हणजे पावसाच्या सरीसारखा एकसुरी आवाज, वाजवा. ॲपचा आकडा अचूक नसला तरी चालतो. सगळ्या हेडफोनवर तो साधारण सारखा यायला हवा, एवढेच. कानात घालायच्या इअरफोनला ही युक्ती लागू पडत नाही. तिथे तोच पिंक नॉइज आलटून पालटून ऐकत अंदाजाने पातळी जुळवावी लागते.

ऐकायचे काय?

रोजच्या ऐकण्यातली, पाठ झालेली गाणी. नवे गाणे निवडले तर कान गाण्याकडे लागतो, हेडफोनकडे नाही. मी चार गोष्टी तपासल्या. तानपुऱ्याची जवारी : वरचे सूर मोकळे राहतात की गुरगुरतात? तबल्याचा डग्गा आणि ढोलकीचा घुमारा : ठोका सुटा ऐकू येतो की नुसता दणका बसतो? बातमीपत्रातील निवेदकाचे ‘स’ आणि ‘श’ : ते कानाला टोचतात का? चौथी गोष्ट म्हणजे ‘सैराट’ची (२०१६) गाणी. त्यांतला मोठा वाद्यवृंद लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झाला आहे. व्हायोलिनचा ताफा आणि आपली तालवाद्ये एकाच वेळी वाजतात, तेव्हा सामान्य हेडफोनवर सगळ्याचा गोंधळ होतो.

ऐकण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे हेडफोन नीट बसला आहे का? चष्म्याची काडी, कानातले किंवा केस यांमुळे गादी आणि त्वचा यांत फट राहिली, तर बेस गळतो. इअरफोनचे रबर एक माप लहान असले तरी तेच. ‘याला बेसच नाही’ या तक्रारीचे उत्तर अनेकदा डब्यात पडून राहिलेल्या मोठ्या रबरात असते.

लोकलमध्ये क्रमवारी का उलटते?

कारण तिथे प्रश्न गोडव्याचा राहत नाही, कानाच्या आरोग्याचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. पातळी ३ डेसिबलने वाढली की हा वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात.

आता डोंबिवली ते सीएसएमटी असा रोजचा प्रवास धरू. जाऊन-येऊन अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १५ तास. डब्याच्या खडखडाटावर मात करायला कोणी आवाज ९० डेसिबलपर्यंत नेला, तर सोमवारी अडीच तास आणि मंगळवारी सकाळी सव्वा तास खर्च होतो. मंगळवारी संध्याकाळी गाडी सुटून पाव तास होत नाही, तोच आठवड्याचा कोटा संपतो. बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन घालून तोच प्रवासी ८० डेसिबलवर भागवू शकला, तर शनिवारी रात्रीही ४० पैकी २५ तास शिल्लक राहतात.

म्हणूनच प्रवासात एचडी ६५० शेवटचा येतो. जाळीतून सगळा डबा आत येतो आणि व्हॉल्यूम वाढवण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. एक्सएम४ पहिला येतो तो त्याच्या ‘नॉइज कॅन्सलेशन’मुळे. त्यातील माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि हेडफोन त्याच्या नेमक्या उलट लहरी तयार करून तो आवाज खोडतो. चाकांची घरघर, पंखा, एसी असा सलग आणि खालच्या पट्टीतला आवाज यात चांगला दबतो. फेरीवाल्याची हाळी किंवा शेजारच्यांच्या गप्पा मात्र पूर्ण जात नाहीत, त्यांना अडवण्याचे काम मुख्यतः गाद्यांचे. चूला बॅटरीही नाही आणि नॉइज कॅन्सलेशनही नाही, पण रबर नीट बसले तर तो कानात बुचासारखा काम करतो.

निकाल काय?

तीन ठिकाणच्या तीन क्रमवाऱ्या अशा लागल्या.

घरी, शांततेत गाणी ऐकताना : १) एचडी ६५० २) चू ३) एमडीआर-७५०६ ४) एम५०एक्स ५) पोर्टा प्रो ६) एक्सएम४. एचडी ६५० वर आवाज सर्वांत नैसर्गिक लागतो. एक्सएम४ चा मूळ आवाज बेसकडे झुकलेला आहे, ॲपमधील इक्वलायझरने तो बराचसा आवरता येतो.

लोकलमध्ये : १) एक्सएम४ २) चू ३) एम५०एक्स ४) एमडीआर-७५०६ ५) पोर्टा प्रो ६) एचडी ६५०.

व्हिडीओ आणि मुलाखतींच्या संपादनासाठी : १) एमडीआर-७५०६ २) एम५०एक्स ३) एचडी ६५० ४) चू ५) पोर्टा प्रो ६) एक्सएम४. माइकमधली खरखर, श्वास, मागचा पंखा ७५०६ लगेच उघडा पाडतो. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. सिनेमा पाहताना ॲप हा उशीर सांभाळून घेते, पण ओठ आणि शब्द जुळवून कट मारताना तो आड येतो.

एकच क्रमवारी लावायची तर?

इथे तास मोजावे लागतात. माझ्या आठवड्यात लोकलचे १५, संपादनाचे १० आणि घरी ऐकण्याचे ५ तास आहेत. प्रत्येक ठिकाणचा क्रमांक गुणिले तिथले तास, अशी बेरीज केली. बेरीज जितकी कमी तितका हेडफोन वरचा.

चू ८०, एमडीआर-७५०६ आणि एम५०एक्स प्रत्येकी ८५, एक्सएम४ १०५, एचडी ६५० १२५ आणि पोर्टा प्रो १५०.

म्हणजे एकच हेडफोन ठेवायचा असेल तर सर्वांत स्वस्त असलेला चू पहिला. तो कुठेही अव्वल नाही, पण कुठेही तळाला जात नाही. दोन ठेवायची मुभा असेल तर चित्र बदलते. प्रत्येक ठिकाणी दोघांपैकी सरस तो वापरायचा, असे धरले तर एक्सएम४ आणि ७५०६ या जोडीची बेरीज ४० येते. सगळीकडे पहिल्या क्रमांकाचाच हेडफोन वापरला तर ती ३० येईल. उरलेले चार मिळून फक्त ४० ते ३० एवढा फरक भरून काढतात. त्याला हौस म्हणावे, आणि हौसेला मोल नसते.

शेवटच्या पोर्टा प्रोचीही एक जागा आहे. रस्त्यावरून चालताना हॉर्न, घरात दाराची बेल किंवा कुकरची शिट्टी ऐकू यायला हवी असेल, तेव्हा कान बंद करणारे हेडफोन बाजूलाच ठेवावेत.

तुमचे आठवड्याचे तास वेगळे असतील, तर निकालही वेगळा येईल. घरून काम करणाऱ्याच्या यादीत एचडी ६५० सहज वर जाईल.

नवा घेण्यापूर्वी काय पाहावे?

पहिले, तुमचे सर्वांत जास्त तास कुठे जातात? दुसरे, तिथे बाहेरचा आवाज किती आहे? तिसरे, झिजणारे भाग बदलता येतात का? कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे आपल्या दमट हवेत पापुद्रे निघतात आणि वायर जॅकपाशी तुटते. हे दोन्ही भाग सुटे मिळत असतील तर हेडफोन दहा-पंधरा वर्षे चालू शकतो. ब्लूटूथ हेडफोनमधील लिथियम बॅटरीची क्षमता मात्र वापरासोबत घटत जाते, त्यामुळे बॅटरी बदलून मिळते का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. चौथे, गाद्या किंवा रबर बदलून जुनाच हेडफोन सुधारतो का, हे आधी करून पाहावे.

व्हॉल्यूम कमाल पातळीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अनेक फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची पातळी किंवा इशारा दाखवण्याची सोय असते, ती सुरू ठेवावी. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होत असेल किंवा समोरच्याचे बोलणे दबलेले वाटत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. आतील कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. गाद्या, वायर, बॅटरी बाजारात मिळतात. या पेशी मिळत नाहीत.