इंदूरचे चेहरे (भाग 6): अतिवास्तव आलं कुठून?

गेल्या भागात आपण देवळालीकर मास्तरांच्या वर्गात होतो. 1927 साली सुरू झालेल्या या चित्रशाळेतून बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर घडले. हुसेनही काही काळ तिथं शिकले. शिकवण सरळ होती: उजेड कुठून येतो ते पाहा, ब्रश सढळ चालवा, उन्हात बाहेर पडा. माणसाच्या डोक्याजागी ढग काढायची मुभा त्यात नव्हती.

गंमत अशी की पॅरिसमध्ये ब्रेताँचा अतिवास्तववादी जाहीरनामा 1924 सालीच निघाला होता आणि त्या कंपूतला एक जण लवकरच इंदूरच्या राजाचे फोटो काढणार होता. मॅन रे स्वतःला चित्रकार म्हणवायचा, पोटासाठी कॅमेरा. यशवंतराव होळकर (दुसरे) आणि संयोगिताराणी यांचे त्याने 1930 च्या आसपास फोटो काढले. त्यांत विचित्र म्हणावं असं फारसं नाही. विचित्र वाटतो तो मोकळेपणा: संस्थानिक जोडपं एकमेकांना बिलगून हसतंय, दरबारी ताठा कुठेच नाही.

याच्या शेजारी बूते द मोंव्हेलने 1934 मध्ये रंगवलेलं महाराजांचं चित्र ठेवून पाहा. शुभ्र गादी, शुभ्र मराठी पोशाख, डोक्यावर तांबडी होळकरी पगडी, गळ्यात ते प्रसिद्ध नासपतीच्या आकाराचे दोन हिरे. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. माणूस की मूर्ती, असा प्रश्न पडावा इतकं ते नीटनेटकं आहे, आणि माझ्या मते मॅन रेच्या फोटोंपेक्षा हेच जास्त स्वप्नवत.

पण हे सगळं माणिकबाग राजवाड्याच्या आत राहिलं. एकार्ट मुथेसियसने बांधलेल्या त्या वाड्यातलं सामान 1980 मध्ये मोनाकोत लिलावात गेलं. वास्तूत आता केंद्रीय कर खात्याचं कार्यालय आहे. चित्रशाळेतल्या पोरांना पॅरिसची ही हवा लागली असेल, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

तरीही अतिवास्तव इंदुरात आलंच, आणि तेही शाळेच्याच माणसाकडून. चिंचाळकर गुरुजी (1917–2000) व्यक्तिचित्रात तरबेज होते. पुढे त्यांनी रंग जवळपास बाजूला ठेवले आणि वाळलेली पानं, मुळं, साली, काड्या हाती घेतल्या. सालीवरची एक गाठ डोळा होई, फाटलेली कड ओठ. अतिवास्तववादी मॅक्स अर्न्स्टनेही असंच 1925 मध्ये लाकडी फरशीच्या रेषांवर कागद घासून त्यात आकार शोधले. सोळाव्या शतकातल्या आर्चिम्बोल्डोने फळं-भाज्या रचून चेहरे केले. आर्चिम्बोल्डोची बैठक पक्की असते, एकही वांगं जागचं हलत नाही. गुरुजी वस्तूला कमीत कमी हात लावत. चेहरा तिच्यात आधीच आहे, आपण फक्त बाजू बदलून धरायचा, असा त्यांचा खाक्या.

कुणी याला हस्तकला म्हणून बाजूला काढतं. मला ते पटत नाही. डोळ्यांसमोरच्या माणसाचं नाक कुठं वळतं हे वर्षानुवर्षं पाहिलेल्या हातालाच सालीतलं नाक सापडतं. देवळालीकरांच्या वर्गाची शिस्त इथं वाया गेलेली नाही.

अडचण आहे ती जतनाची. तैलचित्र कॅनव्हासवर शतकभर टिकतं. पान चुरगळतं, सालीला कीड लागते. संग्रहालयांची पद्धत तैलचित्राच्या हिशोबाने बेतलेली. अशी कामं कशी सांभाळायची, हे पुढल्या शुक्रवारी.