द्राक्षांची नावे आणि त्यांतील ज्ञान : जॉर्जियातील काही जातिनामांचा विचार

जॉर्जियाच्या पूर्वेकडील काखेती प्रांतात ‘रकात्सितेली’ ही द्राक्षाची जात विपुल आढळते. ‘रका’ म्हणजे शिंग, वेलीच्या संदर्भात फांदी. आणि ‘त्सितेली’ म्हणजे तांबडी. परंतु या जातीची गणना पांढऱ्या द्राक्षांत होते. तेव्हा हे नाव फळावरून पडलेले नसून फांदीवरून पडलेले आहे. ते घोसाकडे पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचे नव्हे, तर वेलीची निगा राखणाऱ्या बागाइताचे नाव आहे, असे अनुमान सहज निघते. द्राक्षांच्या जातिनामांत अशा रीतीने व्यवसायाचे ज्ञान कसे साठलेले असते, हे पाहण्यास जॉर्जियाइतका अनुकूल प्रदेश क्वचितच सापडेल.

दक्षिण कॉकेशसमधील या देशात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी द्राक्षमद्य तयार होत असे, हे मृत्पात्रांच्या रासायनिक परीक्षणावरून 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. देशी जातींची संख्या पाचशेहून अधिक मानली जाते. जॉर्जियन भाषा इंडो-युरोपीय नव्हे. ती कार्टवेली कुलातील आहे. तिच्यातील ‘ग्विनो’ (मद्य) हा शब्द लॅटिन ‘विनुम’ व आर्मेनियन ‘गिनी’ यांच्याशी संबद्ध दिसतो. मात्र कोणी कोणाकडून घेतला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

जातिनामांची घडण पाहू. ‘साफेरावी’ या नावात ‘फेरि’ म्हणजे रंग हा शब्द असून ‘सा-’ हा उपसर्ग प्रयोजन दर्शवितो. एकूण अर्थ ‘रंगविण्यासाठी असलेले’. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट असतो व मद्याला रंग सालीतून येतो. साफेरावीचा गरच तांबडा असतो; म्हणून नाव यथार्थ होय. ‘म्त्स्वाने’ म्हणजे हिरवे. या नावाच्या दोन भिन्न जाती आहेत : काखेतीची ‘काखुरी म्त्स्वाने’ आणि गोरी या गावावरून ‘गोरुली म्त्स्वाने’. ‘-उरी’ हा संबंधदर्शक प्रत्यय प्रकृतीत ‘र’ असल्यास विषमीकरणाने ‘-उली’ होतो. एका मद्याच्या बाटलीवरील चिठ्ठीतही हा नियम वाचता येतो! पश्चिमेकडील ‘ओजालेशी’ हे नाव मेग्रेली भाषेतील आहे. ‘जा’ म्हणजे झाड. ‘ओ-’ हा उपसर्ग जॉर्जियन ‘सा-’चेच कार्य करतो. ‘झाडावर चढणारी’ हा अर्थ त्या भागात वेली झाडांवर चढवीत असत, या जुन्या पद्धतीची साक्ष देतो.

मद्यनिर्मितीची पद्धतही शब्दांतून स्पष्ट होते. ‘क्वेव्री’ हे अंड्याच्या आकाराचे मोठे मातीचे भांडे; त्याला आतून मधमाश्यांचे मेण लावून ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. काखेतीत पांढऱ्या द्राक्षांचा रसदेखील साली, बिया व देठ यांसह कित्येक महिने त्यात ठेवतात. इमेरेतीत साली थोड्याच घालतात. साली-बियांमुळे मद्याला तुरटपणा व पिवळसर-तांबूस छटा येते. त्याला ‘कार्विसफेरी’, म्हणजे अंबराच्या रंगाचे, म्हणतात. ‘साफेरावी’तील ‘फेरि’ येथे पुन्हा भेटतो. आपण ज्याला तांबडे मद्य म्हणतो, त्याला जॉर्जियन भाषक ‘शावि’, म्हणजे काळे, म्हणतात. ‘क्वेव्री’ पद्धतीचा युनेस्कोने 2013 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

अन्नाशी मेळही याच गुणांवर अवलंबून आहे. अक्रोडाच्या वाटणातील कोंबडी किंवा टर्की, म्हणजे ‘सात्सिवी’, हा स्निग्ध पदार्थ. त्याचा स्निग्धपणा काखेतीच्या तुरट मद्याने कमी होतो. द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काटक्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या ‘म्त्स्वादी’ या मांसाबरोबर साफेरावी घेतात. वेलीचे सरपण व वेलीचे मद्य एकाच ताटावर यावे, यात बागेची काटकसर दिसते.

हे वैविध्य मात्र सुरक्षित राहिलेले नाही. सोव्हिएत काळात मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी मोजक्याच जातींवर भर देण्यात आला. 1985 च्या मद्यविरोधी मोहिमेत कित्येक बागा उपटल्या गेल्या. पुढे 2006 मध्ये रशियाने जॉर्जियन मद्याची आयात बंद केली; ती बंदी 2013 मध्ये उठली. या संकटाने उत्पादकांना नव्या बाजारपेठा शोधाव्या लागल्या, आणि तेथे परिचित जातींपेक्षा देशी जाती व क्वेव्री हेच वैशिष्ट्य ठरले. सिघनाघी येथे 2007 मध्ये स्थापन झालेल्या ‘फेझंट्स टिअर्स’ या छोट्या मद्यशाळेने क्वेव्रीतील मद्याबरोबरच विस्मृतीत जाऊ लागलेल्या जातींकडेही लक्ष वेधले.

वेल उपटली गेली की तिचे नाव काही काळ कोशात राहते; पण नावाचा अर्थ पडताळून पाहण्याचे साधन नाहीसे होते. तांबडी फांदी दिसेनाशी झाल्यावर ‘रकात्सितेली’ची व्युत्पत्ती पांढऱ्या फळावरून कोण ताडू शकेल? म्हणूनच जातिनामांचे संकलन वेल जिवंत असतानाच, बागेत उभे राहून व्हावयास हवे. भाषेच्या अभ्यासकाला ते काम वनस्पतिशास्त्रज्ञावर सोपवून मोकळे होता येणार नाही.