चिखलात उभी राहिलेली चकती

२४ मार्च १९६५ची रात्र, रॉटरडॅमचं चिखलानं भरलेलं मैदान. फुटबॉलच्या युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि जर्मनीचा कोलोन हे दोन क्लब तिसऱ्यांदा समोरासमोर आले होते. कोलोनला ०-०, लिव्हरपूलला ०-०, म्हणून हा तिसरा सामना त्रयस्थ गावात. तिथंही जादा वेळेनंतर २-२. तीनशे मिनिटं खेळूनही निकाल नाही! मग पंचांनी एक चकती काढली, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पांढरी, आणि उडवली. ती खाली आली ती चिखलात रुतून कडेवर उभीच राहिली.

क्रिकेटमध्ये नाणेफेक हरली तर कर्णधाराची फार तर पहिली फलंदाजी जाते. इथं अख्खी स्पर्धा पणाला लागलेली, आणि चकती कुणाचीच बाजू घ्यायला तयार नाही. पंचांनी ती पुन्हा उडवली. या खेपेला कौल लिव्हरपूलला मिळाला आणि कोलोनचे खेळाडू एकही सामना न हरता घरी गेले.

त्याच वर्षी, पुढच्या हंगामात, यूएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेनं कप विनर्स कपमध्ये एक नवा नियम आणला. बाद फेरीत दोन संघ दोनदा खेळतात, एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली, तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे. गोल तोच, चेंडूही तोच, पण सीमा ओलांडली की त्याचं वजन वाढतं! हिशेबाच्या वहीत अशी बेरीज कुणी खपवून घेतली नसती.

हे वजन का वाढवलं, ते कळायला त्या काळचा प्रवास आठवायला हवा. मँचेस्टर युनायटेडनं ५ फेब्रुवारी १९५८ला, बुधवारी, बेलग्रेडमध्ये रेड स्टारशी ३-३ बरोबरी केली. मध्यंतराला ते तब्बल ३-०नं पुढे होते. शनिवारी मायदेशी लीगचा सामना होता, परतायची घाई होती. दुसऱ्या दिवशी विमान इंधनासाठी म्युनिकला उतरलं. धावपट्टीवर बर्फाचा चिखल साचलेला. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं, तिसऱ्या प्रयत्नात विमान कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत ८ खेळाडू. व्यवस्थापक मॅट बस्बी मरणाच्या दारातून परत आले.

हेच बस्बी आठ वर्षांनी संघ घेऊन लिस्बनला गेले. समोर बेन्फिका, युरोपियन कपमध्ये घरच्या मैदानावर कधीच न हरलेला. पहिला सामना युनायटेडनं कसाबसा ३-२ जिंकलेला. बस्बींनी बजावलं होतं, पहिली वीस मिनिटं सांभाळून खेळा. १९ वर्षांच्या जॉर्ज बेस्टनं बाराव्या मिनिटापर्यंत दोन गोल ठोकले. निकाल ५-१. मला विचाराल, तर इंग्लिश क्लबनं परमुलखात केलेला याहून देखणा उद्धटपणा सापडणं कठीण.

पण घरचं मैदान एवढं भारी का पडतं? प्रवासाचा शीण हे एक कारण. दुसरं जरा गमतीदार आहे. २००२ साली ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी ४० पंचांना लिव्हरपूलच्या घरच्या एका सामन्याचं चित्रण दाखवलं. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मुक्यानं. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. म्हणजे गर्दी चेंडूला हात न लावताही खेळते, पंचांच्या कानातून. इंग्लिश क्लब परदेशी गेला की हा बारावा गडी घरी राहतो आणि समोरच्याचा मात्र हजर असतो.

परक्या गोलाच्या नियमाची सगळ्यांत वेडी रात्र ८ मे २०१९ची, आपल्याकडे घड्याळात साडेबारा वाजून गेलेले. टॉटनहॅम लंडनमध्ये ०-१ हरून ॲमस्टरडॅमला आलं होतं. मध्यंतराला यजमान आयाक्स २-०नं पुढे, म्हणजे एकूण ३-०. आता तीन गोल झाले तरी बरोबरीच होणार, पण ते तिन्ही परक्या मैदानावरचे असणार. टॉटनहॅमच्या लुकास मोरानं ५५व्या मिनिटाला एक मारला, ५९व्याला दुसरा आणि ९६व्याला तिसरा. ३-३, आणि आयाक्सचे खेळाडू गवतावर आडवे.

दोन वर्षांत या नियमाचं हसंच झालं. कोरोनाच्या निर्बंधांमुळे २०२१ साली लिव्हरपूल आणि लाइपझिग यांचे दोन्ही सामने बुडापेस्टच्या एकाच मैदानात झाले. एकदा ते लाइपझिगचं 'घर', एकदा लिव्हरपूलचं. प्रेक्षक नाहीत, पण परक्या गोलाचा नियम कायम! लिव्हरपूलनं दोन्ही सामने २-०नं जिंकून हा पेच टाळला.

त्याच वर्षी जूनमध्ये यूएफानं नियम रद्द केला. त्यांचा हिशेब असा: १९७०च्या दशकाच्या मध्यापासून घरच्या संघांचे विजय ६१ टक्क्यांवरून ४७वर उतरले, पाहुण्यांचे १९वरून ३०वर चढले. शिवाय पाहुण्यांना धाडस यावं म्हणून आणलेल्या नियमानं यजमानच भेदरून खेळू लागले होते. घरी एक गोल खाल्ला तर तो महागात पडायचा ना.

पुढच्याच हंगामात, मे २०२२मध्ये, फरक दिसला. मँचेस्टरमध्ये रेआल माद्रिदनं मँचेस्टर सिटीकडून ३-४ अशी हार पत्करली होती. माद्रिदमध्ये ९० मिनिटांनंतर एकूण ५-५. जुन्या नियमानं तीन परक्या गोलांच्या जोरावर रेआल तिथंच जिंकलं असतं. आता सिटीला आणखी अर्धा तास मिळाला. हरले ते तरीही.

जादा वेळेतही बरोबरी राहिली, तर पेनल्टी. त्या कुठल्या गोलपोस्टवर मारायच्या आणि पहिली कुणी मारायची, हे ठरवायला पंच आजही खिशातून नाणं काढतात आणि दोनदा उडवतात.