शहर पडलं, पुढे काय?

स्ट्रॅटेजी गेममध्ये शहर घेणं फार सोपं करून ठेवलेलं असतं. तट फोडा, शिबंदी कापा, रणगाडा आत घाला, झेंडा बदलतो. 1996च्या ‘सिव्हिलायझेशन 2’ने यात एक खोडी काढली. हरलेल्याकडे गनिमी युद्धाचं तंत्र असेल, तर पडलेल्या शहराभोवती छापामार उगवू लागले. त्याच घराण्यातल्या ‘फ्रीसिव्ह’ या मुक्त खेळात हा नियम कोड उघडून वाचताही येतो: शहर मोठं तेवढे जास्त छापामार निघण्याची शक्यता, पण 8च्या वर नाहीत.

कल्पना झकास, पण अर्धीच. हे छापामार नकाशावर लख्ख दिसतात आणि दिसले की टिपले जातात. याला प्रतिकार कसला म्हणायचं? हा तर विजयावर बसलेला दंड! आणि दंड वाढवत नेला, तर खेळाडू हिशेबी होतो. ‘सिव्हिलायझेशन 5’मध्ये खालसा केलेल्या शहरामुळे राज्यभर नाराजी वाढते, मग अनेकदा शहर सरळ जाळून टाकणंच परवडतं.

खरी मेख लपण्यात आहे, आणि तिला गणित आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने 1916मध्ये मांडलं, की दोन्ही फौजा एकमेकींना नेम धरून मारत असतील तर संख्या दुप्पट झाली की ताकद चौपट होते. 1962मध्ये डाइचमन या संशोधकाने त्यात छापामार आणला. उघड्यावरचा सैनिक त्याला नेमका दिसतो. सैनिक मात्र झाडीत अंदाजाने गोळ्या झाडतो, आणि अशी गोळी लागणं झाडीत किती माणसं आहेत यावर ठरतं. शंभर असतील तर काही पडतील. दहाच उरले, तर तेवढ्याच गोळ्यांत एखादाच. छापामार जितके कमी, तितकं उरलेल्यांना संपवणं रेंगाळतं.

हे गणित मला सर्वांत चोख उतरलेलं दिसलं ते संगणकावर नाही, पटावर. वोल्को रुंके यांच्या ‘अँडियन अबिस’ (2012) या कोलंबियावरच्या खेळात छापामार म्हणजे एका टोकाला खूण असलेली लाकडी सोंगटी. खूण खाली असेल तर तो लपलेला. गंमत म्हणजे ती सोंगटी सगळ्यांना दिसत असते, तरी तिला हात लावता येत नाही. जिल्ह्यात छापामार आहेत हे सरकारला ठाऊक असतंच. गर्दीतला कोणता, हे ठाऊक नसतं. आधी झडती घेऊन सोंगटी उलटवायची: सरकारी फौजेच्या एका ठोकळ्यामागे एक, जंगलात दोन ठोकळ्यांमागे एक. मगच हल्ला.

एवढं करूनही शहर आपलं होत नाही. सैन्य ताबा देतं. लोकांचा कल वळवायला तिथे पोलिसांचा ठोकळा ठेवून पैसा ओतावा लागतो. कल सरकारकडे झुकलेला नसेल, तर रिकाम्या केलेल्या त्याच शहरात छापामार पुन्हा भरती करू शकतात. आणि पोलिसांचे ठोकळे तर मोजकेच असतात.