किशोरवयीनांचा जुगार आणि पालकांची दृष्टी : सांस्कृतिक घटकांचे विवेचन

प्रस्तावना

किशोरवयीन मुलगा पैसे लावून खेळतो, हे समजल्यावर सर्वच पालक सारखे वागत नाहीत. कोणी हसून सोडून देतात, कोणी संतापतात, तर कोणी गुपचूप देणे फेडून विषय मिटवतात. ही भूमिका बहुधा प्रत्यक्ष हानीवरून ठरत नसून, त्या खेळाला समाजात मिळालेल्या नावावरून व स्थानावरून ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. येथे महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

परंपरेतील दुहेरी वारसा

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात सर्वस्व गमावलेल्या जुगाऱ्याची व्यथा आहे. महाभारतातील द्यूतप्रसंग तर घरोघरी परिचित आहे. मात्र याच परंपरेत कोजागरीच्या जागरणाशी अक्षक्रीडेचा संबंध जोडलेला असून, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ असेही नाव आहे. म्हणजेच निषेध आणि अनुमती या दोन्ही गोष्टी एकाच वारशातून पालकांपर्यंत आल्या आहेत. सणाच्या निमित्ताने, वडीलधाऱ्यांसमक्ष, किरकोळ रक्कम लावून खेळलेला डाव म्हणूनच जुगार वाटत नाही.

प्रतिष्ठा, कायदा आणि भाषा

साठच्या दशकात मुंबईत फोफावलेला मटका कापसाच्या भावांच्या आकड्यांवरील सट्ट्यातून निर्माण झाला. गिरणगाव व वस्त्यांशी निगडित झाल्याने तो निंद्य ठरला. याउलट १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली आणि नशिबाच्या खेळाला शासनमान्यता लाभली. मराठी भाषेतही हा भेद उमटला आहे. ‘लॉटरी लागली’ हे अभिनंदन आहे, तर ‘मटक्याच्या नादी लागला’ हा कलंक आहे.

मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ मध्ये केवळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. पुढे मोबाइलवरील रमी व काल्पनिक क्रिकेट संघांचे खेळ याच ‘कौशल्या’च्या नावाखाली घरात शिरले. बुद्धिमत्तेला व गुणांना मान देणाऱ्या मध्यमवर्गीय पालकांना हा शब्द आश्वासक वाटला, तर नवल नाही. २०२५ मध्ये संसदेने कौशल्य की नशीब हा भेद न करता पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तथापि कायद्याने भेद पुसला, तरी मनातील भेद लगेच पुसला जात नाही.

अब्रूची चिंता आणि तिचे परिणाम

एकदा हानी उघड झाली, की दुसरा सांस्कृतिक घटक पुढे येतो. तो म्हणजे कुटुंबाची अब्रू. मुलाचे वर्तन ‘वयाचा दोष’ ठरवून कर्ज परस्पर फेडले जाते. नातेवाईक व महाविद्यालय यांना पत्ता लागू दिला जात नाही. परिणामी मुलाला आपल्या वर्तनाचा परिणाम भोगावा लागत नाही आणि उपचारही लांबतात. वस्तुतः अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या विकाराचा समावेश व्यसनांच्या वर्गात केला आहे. तो चारित्र्याचा डाग नसून उपचारयोग्य विकार आहे, ही जाणीव मात्र अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

समारोप

पालकसभेत ‘तुमचा मुलगा जुगार खेळतो का?’ असा प्रश्न विचारल्यास उत्तर नकारार्थीच येईल. कारण ‘जुगार’ हा शब्द दुसऱ्यांच्या मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. त्याऐवजी प्राध्यापकांनी वर्तनाविषयी विचारावे. पैसे लावले जातात काय? गमावलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळले जाते काय? उसनवारी व लपवाछपवी होते काय? अभ्यास, झोप व मैत्री यांवर परिणाम झाला आहे काय? हे प्रश्न सणातील डावाला, लॉटरीला, मटक्याला आणि मोबाइलवरील खेळाला सारखेच लागू पडतात. परंपरेचा अवमान न करता आणि कुटुंबाला दोषी न ठरवता संवाद साधण्याचा हा मार्ग आहे. खेळाच्या नावाकडून मुलाच्या स्थितीकडे पालकांचे लक्ष वळवता आले, तरच मदत वेळेवर पोहोचू शकेल.