डेटाबेसचा परवाना घेताना मोजायचं काय?

दवाखान्यासाठी, पेढीसाठी किंवा कारखान्यासाठी नवं सॉफ्टवेअर घेताना कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: 'एसक्यूएल सर्व्हरचा परवाना वेगळा'. आपण ती वाचून सोडून देतो. बिल आल्यावर मात्र 'कॅल', 'कोअर', 'स्टँडर्ड' असे शब्द समोर येतात आणि पुरवठादार सांगेल तो आकडा मान्य करावा लागतो. हा हिशेब आपला आपल्यालाही करता येतो.

डेटाबेस सर्व्हर म्हणजे नोंदींचं गोदाम सांभाळणारं सॉफ्टवेअर. आपल्याला पडद्यावर बिलिंगची खिडकी दिसते. बिलं, साठा, पेशंटची माहिती मात्र मागच्या गोदामात असते. परवाना घेताना आपण विकत घेतो तो या गोदामात जाण्याचा हक्क. इथे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचं उदाहरण घेऊन एकेक पायरी पाहू.

पहिली पायरी: फुकटात भागतं का ते पाहा. 'एक्सप्रेस' आवृत्तीला पैसे पडत नाहीत आणि माणसंही मोजावी लागत नाहीत. मर्यादा क्षमतेची आहे. २०२२च्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबी इतकीच जागा मिळते आणि प्रोसेसरचे जास्तीत जास्त ४ कोअर वापरले जातात. नुसत्या आकड्यांच्या नोंदी असतील तर छोट्या दुकानाला हे पुरतं. स्कॅन केलेली कागदपत्रं आणि फोटो डेटाबेसमध्येच साठवले, तर जागा भराभर संपते आणि ऐन कामाच्या दिवशी नवी नोंद होईनाशी होते.

'डेव्हलपर' आवृत्तीही फुकट आहे आणि तिच्यात सगळ्या सोयी आहेत. पण ती फक्त सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी आणि तपासण्यासाठी. कुणी ती रोजच्या कामाच्या सर्व्हरवर बसवून दिली असेल, तर काम सुरळीत चालतं, पण विनापरवाना चालतं.

दुसरी पायरी: माणसं मोजायची की यंत्राची ताकद, ते ठरवा. 'स्टँडर्ड' आवृत्ती दोन प्रकारे मिळते. एक, सर्व्हरचा परवाना आणि शिवाय वापरणाऱ्यांचे 'कॅल'. दोन, प्रोसेसरच्या कोअरनुसार. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एक स्वतंत्र काम करणारा भाग. 'एंटरप्राइझ' ही मोठी आवृत्ती नव्याने घेताना मात्र कोअरनुसारच घ्यावी लागते.

कॅल म्हणजे क्लायंट ॲक्सेस लायसन्स, सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा परवाना. तो संगणकात टाकायचा नसतो, कागदावरच असतो. २० कॅल घेतले आणि ३५ जण वापरू लागले, तरी सर्व्हर कुणाला अडवत नाही. कमतरता उघड होते ती परवान्यांची तपासणी होते तेव्हा.

तिसरी पायरी: कॅल माणसाचा घ्यायचा की यंत्राचा? लोकलचा पास माणसाच्या नावाचा असतो, गाडी कुठलीही चालते. फास्टॅग गाडीच्या काचेवर असतो, चालक कुणीही चालतो. 'युजर कॅल' हा पास आणि 'डिव्हाइस कॅल' हा फास्टॅग.

समजा, एका तपासणी प्रयोगशाळेत ८ संगणकांवर तीन पाळ्यांत मिळून २४ जण काम करतात. तिथे ८ डिव्हाइस कॅल पुरतात. उलट ६ विक्री प्रतिनिधी प्रत्येकी लॅपटॉप, मोबाइल आणि ऑफिसचा संगणक वापरत असतील, तर यंत्रं १८ होतात. तिथे ६ युजर कॅल घ्यावेत. दोन्ही प्रकार एकत्रही चालतात. प्रयोगशाळेचे मालक घरून मोबाइलवर अहवाल पाहत असतील, तर त्यांच्यासाठी एक युजर कॅल वाढवायचा. हा नववा कॅल हमखास विसरला जातो.

चौथी पायरी: मोजणी. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. पहिला गैरसमज, 'एका वेळी दहाच जण बसतात, मग दहा पुरे.' एका वेळचे नव्हे, वापरणारे एकूण जण मोजायचे असतात. दुसरा गैरसमज, 'आमचं सॉफ्टवेअर एकाच लॉगिनने डेटाबेसला जोडलेलं आहे, म्हणजे वापरणारा एक.' मधलं सॉफ्टवेअर हे फक्त दार आहे. दारातून ५० जण आत जात असतील, तर कॅल ५०. या मधल्या दाराला परवान्याच्या भाषेत मल्टिप्लेक्सिंग म्हणतात, आणि त्याने संख्या कमी होत नाही. ग्राहक वेबसाइटवरून थेट माहिती पाहत असतील, तर मोजणी अशक्यच होते. तेव्हा कोअरचा मार्ग धरावा.

पाचवी पायरी: कोणता मार्ग स्वस्त ते काढा. मायक्रोसॉफ्टने २०२२च्या स्टँडर्डसाठी जाहीर केलेले अमेरिकी दर असे: सर्व्हर ९८९ डॉलर, प्रत्येक कॅल २३० डॉलर, दोन कोअरचा संच ३,९४५ डॉलर. एका प्रोसेसरसाठी किमान ४ कोअर घ्यावेच लागतात, म्हणजे ७,८९० डॉलर. ३० कॅल आणि सर्व्हर मिळून ७,८८९ डॉलर होतात. म्हणजे ४ कोअरच्या सर्व्हरवर तिसापर्यंत कॅल बरे, त्यापुढे कोअर. ८ कोअर असतील, तर हीच सीमा ६४ कॅलवर जाते. आपल्याला मिळालेले रुपयांतले दर घालून हीच बेरीज करावी. गरज नसताना जास्त कोअरचा सर्व्हर घेतला, तर परवान्याचा खर्चही वाढतो.

सहावी पायरी: जुने कॅल तपासा. २०१९चा कॅल २०२२च्या सर्व्हरला चालत नाही, नवा कॅल जुन्या सर्व्हरला चालतो. विंडोज सर्व्हरचा कॅल तर वेगळाच असतो, त्याने एसक्यूएल सर्व्हरचं काम भागत नाही.

दुसऱ्या कंपन्यांचे नियम वेगळे. ओरॅकलच्या एंटरप्राइझ आवृत्तीत माणसं मोजून परवाना घेतला, तर एका प्रोसेसरमागे किमान २५ जणांचे पैसे भरावे लागतात, वापरणारे पाचच असले तरी. त्यात प्रोसेसर मोजण्याची रीतही ओरॅकलची स्वतःची आहे. पोस्टग्रेसक्यूएलला परवाना शुल्क नाही आणि मोजणीही नाही. मात्र आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी विचारावं.

सही करण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहा: वापरणारी एकूण माणसं, एकूण यंत्रं, सर्व्हरचे कोअर आणि आवृत्तीचं वर्ष. तो कागद बिलासोबत फाइलला लावा आणि नवा माणूस रुजू झाला की त्यावरचा आकडा बदला.